अंधाराला मिळालेले नाव

पवित्र शास्त्राचे पहिले पान उघडताना तेथे प्रकाशाचीच वार्ता प्रथम कानी पडेल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात प्रकाशाच्या आधी अंधाराचा उल्लेख येतो. उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्याच वचनात तीन गोष्टी एकत्र दिसतात: घडण नसलेली रिकामी पृथ्वी, अथांग पाण्यावर पसरलेला काळोख आणि त्या पाण्यावर वावरणारा देवाचा आत्मा. प्रकाशाला होण्याची आज्ञा मिळते ती त्यानंतर.

हा अंधार आला कोठून? देवाने प्रकाशाला, आकाशाला, वनस्पतींना, पशुपक्ष्यांना आपल्या शब्दाने अस्तित्वात आणले. अंधाराला मात्र अशी आज्ञा झाल्याचे त्या अध्यायात वाचनात येत नाही. मग अंधार देवाच्याही आधीचा आहे काय? तो देवाचा शत्रू आहे काय? सैतानाचे राज्य म्हणतात ते हेच काय? धर्मशिक्षणाच्या वर्गातील चाणाक्ष मुले हा प्रश्न विचारतात, आणि तरुण मुलाला मूठमाती देऊन घरी परतलेली आईही वेगळ्या शब्दांत तोच प्रश्न विचारते. ख्रिस्तसभेच्या इतिहासात या प्रश्नावर फार मोठे वादंग झाले आहे. त्या इतिहासाचा थोडक्यात मागोवा घेण्याचा आम्ही प्रस्तुत लेखात प्रयत्न करीत आहोत.

मूळ संहिता काय सांगते?

प्रथम मूळ संहितेकडे वळू या. येथे अंधारासाठी आलेला हिब्रू शब्द ‘होशेख’ असा आहे, आणि ज्या अथांग पाण्यावर तो पसरला होता त्याला ‘तेहोम’ म्हटले आहे. पहिल्या पाच वचनांत देव या अंधाराशी कसा वागतो, हे आपण सावकाश पाहिले पाहिजे. देव अंधाराशी लढत नाही. त्याला शाप देत नाही. त्याचा नाशही करीत नाही. तो प्रकाश निर्माण करतो, प्रकाश चांगला आहे असे पाहतो, प्रकाश आणि अंधार यांना एकमेकांपासून वेगळे करतो, आणि मग दोघांनाही नावे देतो. प्रकाशाला दिवस हे नाव मिळते, अंधाराला रात्र हे नाव मिळते.

नाव देणे ही प्राचीन पूर्वेकडील जगात क्षुल्लक बाब नव्हती. जो नाव देतो त्याची सत्ता त्या वस्तूवर चालते, आणि ज्याला नाव मिळते त्याला घरात जागा मिळते. ज्या काळोखाला काठ नव्हता, त्याला संध्याकाळ आणि सकाळ असे दोन काठ मिळाले. बेवारस अंधार रात्र या नावाने देवाच्या घरात आला. चौथ्या दिवशी तर त्या रात्रीसाठी चंद्र आणि तारे यांची योजना होते. म्हणजे तिची व्यवस्था लावली जाते.

तथापि येथे एक सूक्ष्म भेद आहे, तो नजरेआड करून चालणार नाही. प्रकाश चांगला आहे असे देवाने पाहिले, असे संहिता स्पष्ट सांगते. अंधाराविषयी तसे वेगळे विधान ती करीत नाही. सहाव्या दिवसाच्या अखेरीस मात्र देव आपण केलेल्या सर्व गोष्टींकडे पाहतो आणि सर्व काही फार चांगले असल्याचा निर्वाळा देतो. त्या ‘सर्व’ या शब्दात रात्रीचाही समावेश होतो. अंधाराला प्रकाशाचे मोल नाही, आणि त्याला शत्रूचे स्थानही नाही, असा हा तोललेला विचार आहे.

आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक दिवसाचा हिशेब करताना संहिता आधी संध्याकाळ सांगते आणि मग सकाळ. आजही यहुदी बांधवांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो, आणि आपली ख्रिस्तसभाही रविवारची आणि मोठ्या सणांची उपासना आदल्या संध्याकाळपासून आरंभते. बायबलचा दिवस अंधाराकडून उजेडाकडे जातो.

बाबेलच्या नदीकाठी

हा अध्याय कोणत्या परिस्थितीत सिद्ध झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मर्म अधिक उलगडते. इ. स. पूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने येरुशलेम उद्ध्वस्त केले, मंदिर जाळले आणि यहुदी लोकांना बंदिवान करून नेले. उत्पत्तीचा पहिला अध्याय आज ज्या स्वरूपात आपल्यापुढे आहे, ते स्वरूप त्याला याच बंदिवासाच्या काळात किंवा त्यानंतर लगेच याजकांच्या परंपरेतून मिळाले, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. त्याच पिढीच्या वेदनेतून विलापगीते निर्माण झाली. देवाने आपल्याला उजेडात न नेता काळोखात लोटले, असा आक्रोश त्या गीतांत आहे. अंधार हा त्या लोकांसाठी पांडित्याचा विषय नव्हता. तो त्यांच्या घराचा, देशाचा आणि देवळाचा अंत होता.

ज्या नगरीत ते राहत होते तेथे विश्वोत्पत्तीची वेगळीच कथा प्रचलित होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्राचीन निनवे नगरीच्या उत्खननात राजा अशूरबानिपालच्या ग्रंथालयातील हजारो मातीच्या पाट्या हाती लागल्या. ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज स्मिथ यांनी त्यांतील उत्पत्तिकथा वाचून १८७६ साली जगापुढे मांडली. ‘एनूमा एलिश’ या नावाने ओळखले जाणारे हे काव्य सात पाट्यांवर कोरलेले आहे. खाऱ्या पाण्याची देवता तिआमात आणि तरुण देव मार्दुक यांचे घनघोर युद्ध होते, मार्दुक तिला ठार मारून तिच्या देहाचे दोन तुकडे करतो आणि त्यांतून आकाश व पृथ्वी घडवतो. बाबेलच्या नववर्षाच्या सणात, चौथ्या दिवशी, या काव्याचे पठण होत असे.

१८९५ साली हेर्मान गुंकेल या जर्मन अभ्यासकाने या काव्याची आणि उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाची तुलना करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘तेहोम’ आणि ‘तिआमात’ या शब्दांतील साम्यामुळे बायबलची कथा ही बाबेलच्या कथेची उसनवारी आहे, असा समज त्या काळी पसरला. आज भाषातज्ज्ञ हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन सेमिटिक मूळातून आले असे मानतात. एक शब्द दुसऱ्यातून घेतला, असे नव्हे. पण साम्यापेक्षा भेदच येथे अधिक बोलका आहे. बाबेलच्या कथेत पाण्याशी युद्ध करावे लागते. उत्पत्तीत युद्ध नाही, शस्त्र नाही, प्रेत नाही. बाबेलचे लोक ज्या सूर्यचंद्रांना देव मानून पूजत होते, त्यांची नावेसुद्धा हा अध्याय घेत नाही. एक मोठी ज्योती आणि एक लहान ज्योती एवढाच त्यांचा उल्लेख करतो.

आपण त्या बंदिवान कुटुंबाच्या जागी क्षणभर उभे राहू या. गावातल्या जेत्यांचा देव युद्ध जिंकून मिरवतो आहे. आपला देव हरला, असे सारे जग म्हणते आहे. अशा वेळी रात्री घरातील वडीलधारा माणूस मुलांना सांगतो की, आपल्या देवाला अंधाराशी लढावे लागलेच नाही, कारण त्याच्या बरोबरीचा कोणी नव्हताच. त्याने बोलावे आणि अंधाराने बाजूला व्हावे, एवढेच पुरेसे होते. आणि प्रकाश होण्यापूर्वीही, त्या काळोख्या पाण्यावर देवाचा आत्मा उपस्थित होताच. बंदिवासातील माणसांना यापेक्षा मोठा दिलासा कोणता असू शकेल?

याच बंदिवासाच्या अखेरीस, इराणचा राजा कोरेश बाबेल जिंकण्याच्या सुमारास, म्हणजे इ. स. पूर्व ५३९ च्या आसपास, यशयाच्या पुस्तकाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात आणखी धीट विधान आले. प्रकाश घडवणारा आणि अंधार उत्पन्न करणारा तो एकच प्रभू, असे संदेष्टा सांगतो. उत्पत्तीच्या पहिल्या वचनात आकाश आणि पृथ्वी यांच्यासाठी जे ‘बारा’ हे क्रियापद आले आहे, तेच येथे अंधारासाठी वापरले आहे. उत्पत्तीने जे न बोलता सोडले, ते यशयाने उघडपणे सांगितले.

अंधाराचे अनेक अर्थ

जुन्या करारात अंधाराचा एकच अर्थ नाही. मिसर देशावर आलेला तीन दिवसांचा काळोख हा न्यायदंड होता. प्रभूचा दिवस म्हणजे उत्सव असे समजणाऱ्या अन्यायी श्रीमंतांना आमोस संदेष्ट्याने बजावले की, तो दिवस तुमच्यासाठी अंधाराचा असेल. दुसरीकडे, सिनाय पर्वतावर मोशे ज्या दाट काळोखाजवळ गेला त्यात देव होता. आणि शलमोनाने मंदिर देवाला अर्पण करताना घनदाट अंधारात वास करणाऱ्या प्रभूचे स्मरण केले. या दोन्ही ठिकाणी ‘होशेख’ऐवजी ‘अराफेल’, म्हणजे ढगांचा गर्द काळोख, हा शब्द आला आहे. एकशे चाराव्या स्तोत्रात तर रात्र ही देवाने रानातील श्वापदांसाठी केलेली सोय आहे: तेव्हा सिंहाचे छावे आपले अन्न देवापाशी मागतात, आणि सूर्य उगवला की ते गुहेत परततात व माणूस आपल्या कामाला निघतो.

नव्या करारात, विशेषतः संत योहानाच्या लिखाणात, अंधार हे पापाचे आणि अविश्वासाचे प्रतीक होते, हे खरेच आहे. पण प्रतीक आणि निर्मिती यांत गल्लत करू नये. माणूस उजेडाकडे पाठ फिरवतो तेव्हा त्या फिरवलेल्या पाठीला योहान अंधार म्हणतो. सूर्यास्तानंतर येणाऱ्या रात्रीला नव्हे.

मानीपंथाचे आव्हान

ही गल्लत इतिहासात एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाली. तिसऱ्या शतकात मेसोपोटेमियात मानी नावाच्या धर्मसंस्थापकाने असे शिकवले की, प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी तत्त्वे आहेत. त्यांची सरमिसळ होऊन हे जग झाले. माणसाचा आत्मा प्रकाशाचा कण आहे आणि त्याचे शरीर अंधाराचा तुरुंग. हा पंथ पश्चिमेस उत्तर आफ्रिकेपर्यंत आणि पूर्वेस चीनपर्यंत पोहोचला. तरुण आगुस्तीन सुमारे नऊ वर्षे याच पंथाचा श्रोता होता.

या शिकवणुकीचे परिणाम केवळ तात्त्विक नव्हते. शरीर अंधाराचे म्हटल्यावर विवाह हीन ठरतो, मुलाचा जन्म म्हणजे आणखी एका प्रकाशकणाची कैद ठरते. पंथातील श्रेष्ठ साधक विवाह करीत नसत आणि शेतात नांगर धरीत नसत. त्यांच्यासाठी अन्न पिकवण्याचे काम श्रोत्यांकडे होते. पापाची जबाबदारीही माणसावर राहत नाही, कारण पाप करतो तो आपल्या आत शिरलेला अंधार, आपण नव्हे. म्हणून ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी उत्पत्तीच्या या एका शब्दाचा नीट अर्थ लावण्याचा आग्रह धरला, तेव्हा एका अर्थी त्यांनी तुमच्याआमच्या संसाराचे, पाळण्यातल्या बाळाचे आणि शेतावरच्या घामाचेच रक्षण केले.

३७८ च्या सुमारास कैसरियाचे बिशप संत बेझिल यांनी सृष्टीच्या सहा दिवसांवर नऊ प्रवचने दिली. त्यांच्या श्रोत्यांत रोजच्या कामावर पोट भरणारे कारागीर होते. प्रवचन लांबल्यास त्यांचा खोळंबा होईल, याची जाणीव त्यांनी स्वतः बोलून दाखवली आहे. अशा साध्या माणसांना त्यांनी दृष्टांतही साधाच दिला. भर दुपारी जाड, उजेड न शिरणाऱ्या कापडाचा तंबू उभारून त्यात माणूस बसला, तर आत अंधार होईल. पण तो अंधार ही कोणी स्वतंत्र शक्ती नसते. अंधार म्हणजे हवेला उजेड न मिळाल्याची अवस्था. वाईटाचे मूळ बाहेर कोठल्या काळ्या शक्तीत शोधू नका, ते आपल्या स्वतःच्या निर्णयांत शोधा, असेही त्यांनी त्याच प्रवचनात बजावले.

त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, मानीपंथाचा त्याग केलेल्या संत आगुस्तीन यांनी त्या पंथाविरुद्ध उत्पत्तीवर एक ग्रंथ लिहिला. देवाने प्रकाश केला त्याआधी तो स्वतः काळोखात राहत होता काय, असा मानीपंथीयांचा खोचक सवाल असे. आगुस्तीन यांचे उत्तर असे की, अंधार ही वस्तूच नाही. प्रकाशाच्या अभावाला दिलेले ते नाव आहे. आवाज नसला की आपण शांतता म्हणतो, वस्त्र नसले की नग्नता म्हणतो, तसेच हे. उत्पत्तीच्या आरंभावर आगुस्तीन यांनी आयुष्यात पाच वेळा लेखन केले. पुढे ‘देवाचे नगर’ या ग्रंथात त्यांनी प्रकाश व अंधार यांचा विश्वासू आणि पतित देवदूत असा आध्यात्मिक अर्थही सुचवला. अंधार म्हणजे सैतान हा पुढे लोकांत रूढ झालेला विचार या अर्थाला जवळचा आहे. पण तो आगुस्तीन यांचा रूपकात्मक अर्थ होता, रात्रीची निंदा नव्हती, हे विसरले गेले.

मध्ययुगात दक्षिण फ्रान्समध्ये कॅथार पंथाच्या रूपाने दोन तत्त्वांचा सिद्धान्त पुन्हा डोके वर काढू लागला. त्याला उत्तर म्हणून १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने निःसंदिग्ध शब्दांत शिकवले की, दृश्य आणि अदृश्य अशा सर्वांचा निर्माता एकच देव आहे, त्याने सर्व काही शून्यातून निर्माण केले, आणि सैतानसुद्धा मुळात चांगलाच निर्माण झाला होता. तो स्वतःच्या कर्माने वाईट झाला. त्या परिषदेने विचार मांडला तो योग्य होता. त्या पंथीयांविरुद्ध उपसलेल्या तलवारींचे समर्थन मात्र आम्ही करू शकत नाही.

ओवीबद्ध मराठीत ही सृष्टीकथा चारशे वर्षांपूर्वीच आली, याचे येथे कृतज्ञतेने स्मरण केले पाहिजे. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्यातील पहिले पुराण जगाच्या उत्पत्तीपासून सुरू होते. संतकवींच्या छंदात गुंफलेली ही कथा आपल्या पूर्वजांनी देवळात आणि घरात ऐकली.

उन्हात पेटवलेली मेणबत्ती

आता उपासनेच्या इतिहासाकडे वळू. पवित्र शनिवारच्या रात्री देवळातील सर्व दिवे मालवले जातात, बाहेर नवा अग्नी पेटवला जातो, पास्काची मेणबत्ती अंधाऱ्या देवळात शिरते, आणि त्यानंतर पहिले वाचन होते ते उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचे. हा क्रम आपल्या इतक्या परिचयाचा आहे की, तो कित्येक शतके बिघडलेला होता, हे सांगूनही खरे वाटणार नाही.

प्रारंभीच्या ख्रिस्तसभेत हे जागरण रात्रभर चाले. मध्ययुगात त्याची वेळ हळूहळू अलीकडे सरकत गेली. १५६६ साली पोप पायस पाचवे यांनी दुपारनंतर मिस्सा अर्पण करण्यास मनाई केली, आणि पास्काचे जागरण शनिवारच्या सकाळी होऊ लागले. १६४२ साली पोप अर्बन आठवे यांनी पवित्र आठवड्यातील हे दिवस सक्तीच्या सुट्ट्यांतून वगळले. त्यामुळे लोक कामावर जाऊ लागले आणि जागरणाला धर्मगुरू व मोजकी माणसेच उरली. सुमारे चार शतके खिडक्यांतून ऊन आत येत असताना मेणबत्ती पेटवून ख्रिस्ताच्या प्रकाशाचा जयजयकार झाला. रात्रीची थोरवी गाणारे स्तुतिगीत सकाळच्या प्रहरी म्हटले गेले. शब्द जागेवर होते. ज्या अंधारामुळे त्यांना अर्थ होता, तो अंधार मात्र हरवला होता.

१९५१ साली पोप पायस बारावे यांनी प्रायोगिक स्वरूपात हे जागरण पुन्हा रात्री साजरे करण्याची परवानगी दिली, आणि १९५५ च्या फर्मानाने संपूर्ण पवित्र आठवड्याची उपासना सुधारून पुढील वर्षापासून ती सर्वत्र लागू केली. लोकांच्या हातातील मेणबत्त्या पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवण्याची प्रथाही याच सुधारणेने दिली. ख्रिस्तसभेने प्रकाशाचा सण साजरा करण्यासाठी रात्र परत मागून घेतली, असे आम्हांला वाटते.

त्याच पोपमहोदयांनी १९४३ साली एका परिपत्रकाद्वारे बायबलच्या अभ्यासकांना प्राचीन पूर्वेकडील साहित्यप्रकार लक्षात घेऊन संहितेचा अर्थ लावण्यास उत्तेजन दिले होते. १९०९ सालीच रोममधील बायबल आयोगाने सृष्टीच्या ‘दिवसा’चा अर्थ चोवीस तास असाच घेतला पाहिजे असे नाही, अशी मोकळीक दिली होती. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हीच दिशा पक्की केली. त्यामुळे शाळेत विश्वाच्या उत्पत्तीचे विज्ञान शिकणाऱ्या मुलांनी गोंधळून जाण्याचे कारण नाही. विश्व प्रसरण पावत आहे आणि त्याचा आरंभ एका अतिघन अवस्थेतून झाला, हा सिद्धान्त मांडणाऱ्यांत बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र हे धर्मगुरूच अग्रेसर होते. आज शास्त्रज्ञ सांगतात की, आरंभानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी प्रकाश मुक्तपणे प्रवास करू लागला आणि त्यानंतर पहिले तारे पेटेपर्यंत कोट्यवधी वर्षे विश्वात काळोख होता. या काळोखाची उत्पत्तीतील काळोखाशी सांगड घालण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. आपल्या सिद्धान्ताचा श्रद्धेचा पुरावा म्हणून वापर व्हावा, हे खुद्द लमेत्र यांनाही मान्य नव्हते. विज्ञान अंधाराची कारणमीमांसा करते. उत्पत्तीचा अध्याय अंधार कोणाच्या स्वाधीन आहे ते सांगतो.

आपल्या घरातील अंधार

हा सारा इतिहास आज आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांच्या काय उपयोगाचा, असे कोणी विचारील. आम्हांला तो अत्यंत निकडीचा वाटतो. कारण मानीपंथ पुस्तकांतून गेला तरी आपल्या बोलण्यातून गेलेला नाही.

एखाद्या घरावर लागोपाठ संकटे आली की, या घरावर काळी छाया आहे, असे आपण सहज बोलून जातो. मुलगी सावळी जन्मली की आजीचा चेहरा उतरतो, आणि पुढे सोयरीक जुळवताना त्या रंगाची किंमत तिला मोजावी लागते. सैतान काळा रंगवणाऱ्या चित्रकारांनी आपली ही समजूत घट्ट केली असेल. पवित्र शास्त्राने मात्र तिला कोठेही आधार दिलेला नाही. गीतरत्नातील वधू स्वतःला सावळी आणि सुंदर म्हणवते.

याहूनही गंभीर बाब आहे ती मनाच्या अंधाराची. घरातील कोणी महिनोन्‌महिने उदास राहिले, देवळात यायचे थांबले, प्रार्थनेत मन लागत नाही म्हणू लागले, की त्याच्या श्रद्धेवर संशय घेतला जातो. अशा वेळी क्रुसाचे संत योहान यांचे स्मरण करावे. डिसेंबर १५७७ ते ऑगस्ट १५७८ या काळात स्वतःच्याच संघातील बांधवांनी त्यांना तोलेदो येथील मठातील एका कोंदट खोलीत कोंडले होते. आत्म्याच्या काळोख्या रात्रीविषयी त्यांनी पुढे जे लिहिले, त्याचे सार असे की, सूर्याच्या झोतापुढे डोळ्यांना अंधारी यावी, तसा देवाचा अतिनिकट प्रकाशही आत्म्याला काळोख वाटू शकतो. कोलकात्याच्या संत तेरेसा यांची खाजगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जग स्तब्ध झाले. गरिबांच्या सेवेत रमलेल्या त्या माउलीने जवळजवळ पन्नास वर्षे अंतरी देवाचे सान्निध्य जाणवत नसताना काढली होती. २०१६ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद बहाल केले ते ही पत्रे वाचूनच. तो अंधार त्यांच्या पावित्र्याला बाधक ठरला नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना दिल्यावाचून राहवत नाही. नैराश्य हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. ज्याला वैद्याची आणि औषधाची गरज आहे, त्याला ही संतांची रात्र आहे असे सांगून घरी बसवू नये. आणि त्याच्यात सैतान शिरला आहे असे म्हणून मंत्रतंत्र करणाऱ्याच्या दारातही नेऊ नये. त्याच्याजवळ बसावे. काळोख्या पाण्यावर देवाचा आत्मा काही न बोलता आधीपासून उपस्थित होता, हे उत्पत्तीने सांगितले आहे. शब्द त्यानंतर आला. दुःखी माणसाच्या घरी जाताना आपणही हाच क्रम पाळावा: आधी उपस्थिती, मग बोलणे.

अखेरीस, शुभवर्तमानाकडे येऊ. प्रभू क्रुसावर असताना भर दुपारी बारापासून तीनपर्यंत देशभर अंधार पडला, असे शुभवर्तमानकार लिहितात. ज्या अंधाराला पहिल्या दिवशी नाव आणि सीमा मिळाली, त्याच्या आत देवाचा पुत्र स्वतः उतरला. त्यानंतरच्या रविवारी थडग्यातून तो केव्हा उठला, हे कोणीही पाहिले नाही. ते रात्रीच घडून गेले. मरिया मग्दालिया थडग्याकडे निघाली तेव्हा अजून अंधार होता, असे संत योहान मुद्दाम नोंदवतो. तिला काही दिसत नव्हते, आणि धोंड मात्र केव्हाच बाजूला झालेली होती.